कोळसा-बायोमास रिगवर बेड पुन्हा पुन्हा बसतोय? आधी वाळूचं वय काढा

तक्रार नेहमी एकाच वळणाने येते. बबलिंग फ्लुइडाइज्ड बेडची, म्हणजे खालून हवा सोडून उकळत्या ठेवलेल्या गरम वाळूत इंधन जाळणारी छोटी रिग (चाचणीची भट्टी), कोळशाबरोबर पेंढ्याच्या पेलेट्स (दाबून केलेल्या गोळ्या), आणि पहिला दिवस अगदी गुण्यागोविंदाने जातो. बेड ८५० अंशांवर शांत, ऑक्सिजन जागेवर, सीओ (कार्बन मोनॉक्साइड) खाली. मग कधीतरी दुसऱ्या दिवशी वरचा थर्मोकपल (तापमानमापक) चढायला लागतो, खालचा उतरतो, बेडचं प्रेशर घसरतं आणि पाऊण तासात सगळं बसतं, म्हणजे वाळू चिकटून तिचं उकळणं थांबतं. गार झाल्यावर मॅनहोल उघडावं तर आत ढेकळंच ढेकळं. फोडा, साफ करा, नवी वाळू भरा, आणि पुढच्या ट्रायलला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

महापे-रबाळेपासून तळोज्यापर्यंत ज्यांच्याकडे लहान एफबीसी (फ्लुइडाइज्ड बेडचा) बॉयलर आहे, त्यांच्याकडूनही हेच ऐकतो. तिथे रिगऐवजी उत्पादन थांबतं, म्हणून आवाज जरा चढा असतो एवढंच. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये ऊर्जा मंत्रालयाने औष्णिक केंद्रांसाठी बायोमास मिसळण्याचं धोरण आणलं, तेव्हापासून पेलेट्सच्या चाचण्या वाढल्या. पण उत्तर प्रदेशातल्या दादरीसारख्या पेलेट्स मिसळणाऱ्या औष्णिक केंद्रात कोळशाची भुकटी जळते, तिथे बेडच नाही. त्यामुळे 'तिकडे चालतं मग आपल्याकडे का नाही' या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. त्यांच्या अडचणी वेगळ्या, आपल्या वेगळ्या.

बेड बसला की पहिलं खापर पेलेटवाल्यावर फुटतं, दुसरं ऑपरेटरवर. दोघांचाही थोडा वाटा असतो, नाही असं नाही. पण वारंवार बसणाऱ्या बेडमागे बहुतेक वेळा जुनी झालेली वाळू असते, आणि तिच्याकडे कोणी बघत नाही. वाळू एकदा भरली की ती रिगचा भाग झाली असं आपण धरतो. प्रत्यक्षात ती संपणारी वस्तू आहे, धूर गाळणाऱ्या बॅग फिल्टरच्या बॅगेसारखी.

आत नेमकं काय होतं

नुसती सिलिका वाळू १७०० अंशांच्या आसपास वितळते. ८५० ला तिला काही होण्याचं कारण नाही. पण पेंढ्यात पोटॅशियम भरपूर असतं. ते जळताना सुटतं आणि वाळूच्या कणावर बसतं. पोटॅशियम आणि सिलिका यांच्या मिश्रणातला सर्वांत लवकर वितळणारा भाग ७७० अंशांच्या आसपासच पातळ होतो. म्हणजे बेडच्या नेहमीच्या तापमानाला कणांवर चिकट काचेचा पापुद्रा चढत असतो. कुरमुऱ्याच्या लाडवात गूळ किती थोडा असतो बघा. कुरमुरा कुठेच विरघळलेला नसतो, तरी लाडू घट्ट. इथेही तेच, कण जिथे एकमेकांना टेकतात तेवढाच ठिपका चिकट झाला तरी पुरतं.

आणि हे एकदम होत नाही, साचत जातं. म्हणून पहिला दिवस बरा जातो.

आता हिशेब करू. आमची रिग ३० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटर, बेड ४० किलोचा. ताशी १० किलो कोळसा आणि ४ किलो पेंढ्याच्या पेलेट्स, म्हणजे साधारण ६५ किलोवॉट उष्णता. पेलेटमध्ये पोटॅशियम दीड टक्का धरा. ताशी ६० ग्रॅम झालं. त्यातलं काही धुराबरोबर जातं, काही राखेबरोबर. निम्मं बेडमध्ये राहतं असं धरलं तरी ताशी ३० ग्रॅम. बेड विसाव्या तासाला बसत असेल तर तोवर ६०० ग्रॅम साचलं, म्हणजे बेडच्या वजनाच्या दीड टक्का. ही झाली तुमच्या रिगची, तुमच्या इंधनाची मर्यादा. तिच्या निम्म्यावर राहायचं असेल, म्हणजे पाऊण टक्क्यावर, तर ताशी ४ किलो जुना बेड काढून तेवढाच ताजा घालत राहावं लागेल. ३० ग्रॅम भागिले ४ किलो, इतकं साधं गणित. निम्मं राहतं हे माझं गृहीत आहे. ड्रेनमधून, म्हणजे बेडच्या तळाच्या तोंडातून, काढलेली वाळू प्रयोगशाळेत देऊन तुमचा खरा आकडा काढून घ्या.

याच हिशेबात एक गंमत दडली आहे. आपला देशी कोळसा जास्त राखेचा म्हणून आपण नाकं मुरडतो. त्यात राख ३५ टक्के असेल तर ताशी १० किलोमागे साडेतीन किलो राख आली. बारीक राख उडून सायक्लोनला (धुरातली राख वेगळी करणाऱ्या भांड्याला) जाते, पण जाडी बेडमध्येच राहते, बेडची उंची वाढते, आणि ऑपरेटरला ड्रेन उघडावाच लागतो. म्हणजे नकळत बेड बदलत राहतो. शिवाय या राखेत अ‍ॅल्युमिना आणि सिलिका एकत्र असतात, आणि त्या जोडीत पोटॅशियम अडकलं की तयार होणारी बरीच संयुगं १५०० अंशांच्या वरच वितळतात. मग खरेदी विभाग कमी राखेचा, पाच टक्क्यांचा इंडोनेशियन कोळसा आणतो. सगळे खूश. उष्मांक जास्त म्हणून कोळसा कमी लागतो, राख ताशी अर्धा किलोही होत नाही, ड्रेन उघडायची गरजच पडत नाही, आणि पेंढा मात्र तेवढाच. दोन दिवसांत बेड बसतो. 'कोळसा तर चांगला आणला, मग असं का?' त्याचं उत्तर बहुधा हेच. क्लिंकरची, म्हणजे बेडमधल्या ढेकळांची, तक्रार घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न असतो, गेल्या दोन महिन्यांत कोळसा बदललात का.

ढेकूळ फेकू नका, फोडून बघा

साफसफाईत निघालेली ढेकळं थेट भंगारात जातात आणि त्यांच्याबरोबर निम्मं निदानही जातं. प्रत्येक ढेकूळ कुठे सापडलं ते खडूने लिहून ठेवा: फीडच्या तोंडाशी, बेडखालच्या हवेच्या प्लेटच्या कोपऱ्यात, की सगळीकडे पसरलेलं. मग हातोडीने फोडा आणि उजेडात, शक्य असेल तर भिंगाखाली बघा.

बोटांनी दाबल्यावर चुरा होतो, वाळूचे कण गोल आणि अखंड आहेत, फक्त त्यांच्यावर पातळ चकाकी आहे आणि दोन कणांच्या मध्ये काचेचा बारीक पूल दिसतो? ही वर सांगितलेली वयाची गोष्ट. बेड बदलण्याचा वेग वाढवा.

हातोडी उडते, आत कण ओळखू येत नाहीत, सगळं वितळून एकजीव झालंय, काळसर-हिरवट काच आणि तिच्यात बुडबुडे? मग तिथे तापमान ८५० नव्हतंच. स्थानिक भडका झाला होता, हजाराच्या वर. अशी ढेकळं बहुधा फीडच्या तोंडाशी किंवा बंद पडलेल्या हवेच्या नोझलच्या डोक्यावर मिळतात. पेलेट्स एका जागी ढीग होऊन जळतात, हवा कमी पडते, आणि हवा कमी असली की राखेतलं लोहसुद्धा वितळण्याला हातभार लावतं. हे वाळू बदलून सुटणार नाही. फीडचा वेग, फीडच्या हवेचा झोत आणि नोझल बघा. पेंढ्याच्या गठ्ठ्याला बांधलेल्या तारा, खिळे, शेतातले खडे हे सगळं प्लेटवर जाऊन बसतं आणि तिथे हवा मरते. हॉपरच्या तोंडाशी जाळी आणि एक बरा लोहचुंबक लावला की हा निम्मा त्रास कमी होतो.

तिसरा प्रकार म्हणजे फसवा. पांढरट, एका बाजूने सपाट, दुसऱ्या बाजूने खडबडीत तुकडा. तो क्लिंकर नाही, तुमच्या भिंतीचं कास्टेबल (उष्णता सोसणारं अस्तर) सुटलंय. यावर आठवडाभर इंधनाची चर्चा झालेली मी पाहिली आहे.

बसायच्या आधी कळतं, पण बघायला हवं

बेडचं प्रेशर म्हणजे दुसरं काही नाही, बेडचं वजन भागिले क्षेत्रफळ. ४० किलो भागिले ०.०९ चौरस मीटर म्हणजे सुमारे ४४० मिलिमीटर पाणी. बेड नीट उकळत असेल तर हवा थोडी कमीजास्त केली तरी हा आकडा हलत नाही. वाळू तेवढीच असून आकडा ३५० ला आला तर उरलेली वाळू कुठेतरी धरून बसली आहे आणि हवा बाजूने वाट काढून चालली आहे. मात्र त्याआधी टॅपिंग (प्रेशर मोजायची नळी) तपासा. आकडा अगदी निश्चल असेल, काटा सुद्धा थरथरत नसेल, तर टॅपिंगमध्ये वाळू भरली आहे. जिवंत बेडचा काटा सतत किंचित नाचत असतो. प्लेटचा स्वतःचा रोध वेगळा मोजून ठेवलेला असला पाहिजे, नाहीतर दोन्ही आकडे एकमेकांत मिसळतात. वाळू न भरता, गार हवेवर, वेगवेगळ्या प्रवाहाला घेतलेला तक्ता रिगच्या दारावर चिकटवा.

हे नाचणं मोजूनही इशारा मिळतो. नेदरलँड्समध्ये डेल्फ्टच्या संशोधकांनी बेडच्या प्रेशरच्या चढउतारांचा आकृतिबंध तपासून, ढेकळं धरायला सुरुवात झाल्याचं बसण्याच्या बरंच आधी ओळखण्याची पद्धत बसवली. आपल्याला तेवढं नाही जमलं तरी प्रेशर ट्रान्समीटरचा आलेख मिनिटाच्या सरासरीऐवजी सेकंदाला काही नोंदी अशा वेगाने घ्या. सरासरीत हा सगळा नाच पुसला जातो. डेटा लॉगर विकत घेताना या गोष्टीकडे कोणी बघत नाही.

तापमानाचं तसंच. बेडमध्ये तीन उंचींवर तीन थर्मोकपल असतील आणि बेड निरोगी असेल तर तिघांत पाच-दहा अंशांपेक्षा जास्त फरक पडत नाही. आम्ही २५ अंशांची रेघ धरली आहे, तिच्यापलीकडे फरक गेला की पेलेट्स बंद. बहुतेक ठिकाणी स्क्रीनवर 'बेड टेंपरेचर' म्हणून तिघांची सरासरी दाखवतात. वरचा ९२०, खालचा ७८०, सरासरी ८५०. स्क्रीन हिरवा आणि बेड मेलेला.

आणि एक आवाजाची खूण. आमचे बॉयलर अटेंडंट काका घणसोलीचे, तीस वर्षं बॉयलरवर काढलेली. ते स्क्रीनकडे पाठ करून चहा पीत म्हणतात, 'साहेब, ब्लोअर हलका झाला बघा.' बेडमध्ये भेग पडून हवेला वाट मिळाली की एफडी फॅनवरचा, म्हणजे बेडला हवा देणाऱ्या ब्लोअरवरचा, रोध घटतो आणि आवाज बदलतो. बरेचदा अलार्मच्या आधी काका बोलतात.

बसायला लागला तर काय करायचं

सगळ्यात आधी पेलेट्स बंद करा, कोळसा कमी करा. हवा चालू ठेवा. घाबरून एफडी फॅन बंद करणं हे सर्वांत वाईट, कारण गरम वाळूत अर्धवट जळालेला कोळसा तसाच राहतो, तो आतल्या आत धुमसतो आणि सकाळी तुमच्या हातात फरशीसारखा एक अखंड ठोकळा येतो. हवा थोडी वाढवली तर कोवळी ढेकळं सुटतातही, पण लक्षात ठेवा, बेडमध्ये इंधन शिल्लक असेल तर जास्त हवेने आधी तापमान उसळेल. म्हणून क्रम महत्त्वाचा: इंधन तोडा, तापमान उतरायला लागलं की हवा वाढवा, बेड ७५० च्या खाली आणा, मग ड्रेनमधून थोडं थोडं काढून ताजं भरा. थांबवायचंच असेल तर धुरातला ऑक्सिजन २१ टक्क्यांच्या जवळ पोहोचेपर्यंत फॅन चालू द्या. तोवर आत जळणारं शिल्लक आहे असं समजा.

बसलेला गरम बेड सळईने ढोसायला मॅनहोल उघडू नका. आत कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि अचानक हवा मिळाली की ज्वाळा बाहेर येते. पाणी तर मुळीच नाही.

मग वाळूच बदलावी का?

बदलावी, आणि आधी ती कुठून येते ते बघावं. ठाणे परिसरात वाळू म्हटलं की पूर्वापार रेतीबंदराची आठवण होते. खाडीची वाळू बेडमध्ये घालू नका. तिच्यात मीठ असतं, म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. एक चिकटपणाला मदत करतं, दुसरं पुढे नळ्यांना खातं. नदीची वाळू बरी, पण तीही शुद्ध सिलिका नसते. आपल्याकडच्या एफबीसी बॉयलरमध्ये फायरब्रिकचा चुरा वापरायची जुनी पद्धत आहे आणि ती विचार करूनच पडलेली आहे. त्यात अ‍ॅल्युमिना असतं, मोकळी सिलिका कमी असते. पेंढ्याच्या चाचण्यांना मी तोच सुचवेन, चाळून, एक-दोन मिलिमीटरच्या आसपास.

चिनी माती म्हणजे केओलिन घालणं हा दुसरा उपाय. स्वीडनमध्ये उमेओच्या ओमान आणि नोर्डिन यांनी २००० साली यावर सविस्तर काम छापलं. मातीने पोटॅशियम धरून ठेवलं आणि बेड धरण्याचं तापमान वर सरकलं. अडचण अशी की माती पावडर म्हणून टाकली तर ती बेडमध्ये थांबतच नाही, उडून बॅग फिल्टरला जाते. पेलेट बनवतानाच तिच्यात मिसळून घेतली तर काम करते. पेलेटवाल्याला हे पटवणं हा वेगळा प्रकल्प, कारण त्याच्या दृष्टीने तुम्ही राख वाढवायला सांगताय.

वाळूऐवजी इल्मेनाइटही (लोह-टायटॅनियमचं खनिज) चालतं. स्वीडनमध्येच गोटेबर्गच्या चाल्मर्स विद्यापीठाच्या १२ मेगावॉटच्या बॉयलरमध्ये त्यावर बरीच वर्षं काम झालं आहे, आणि आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर ते निसर्गतःच आहे. फक्त त्याची घनता साडेचारच्या पुढे, वाळूची २.६५. तेवढ्याच उंचीचा बेड भरला तर प्रेशर पावणेदोनपट. भरण्याआधी ब्लोअरचा कर्व्ह (किती प्रेशरला किती हवा देतो त्याचा आलेख) बघा, नाहीतर बेड उकळणारच नाही आणि दोष पुन्हा पेंढ्यावर जाईल.

तापमान ७८० वर आणून चालवा हा सल्ला सगळे देतात. क्लिंकर कमी होतो, खरंय. पण सीओ चढतो, उडत्या राखेत न जळलेला कार्बन वाढतो, चुनखडीने गंधक धरण्याचं काम ८५० च्या आसपास सर्वांत चांगलं होतं ते मंदावतं, आणि कोळशापासून निघणारा नायट्रस ऑक्साइड थंड बेडमध्ये उलट वाढतो. स्वच्छ ज्वलनाची चाचणी करायला रिग बांधली आणि ती चालावी म्हणून उत्सर्जन वाढवलं, तर अहवालात काय लिहिणार? तात्पुरता उपाय म्हणून ठीक.

प्रयोगशाळेचा कागद वाचताना

पेलेटच्या रिपोर्टवर राख किती अंशांना काढली ते विचारा. कोळशाची राख आपल्याकडे ८१५ अंशांना काढतात, बायोमासची ५५० ला. बायोमासचा नमुना कोळशाच्याच भट्टीत टाकला तर पोटॅशियम क्लोराइडचा काही भाग उडून जातो आणि रिपोर्टमध्ये राखही कमी दिसते, पोटॅशियमही. म्हणजे जो घटक त्रास देणार तोच कागदावरून गायब.

राख वितळण्याच्या तापमानाचंही तसंच. ती चाचणी नुसत्या राखेची असते, वाळूबरोबरची नाही. त्यापेक्षा हे करा: पेलेटची राख ५५० ला काढा, तुमच्याच बेडच्या सामग्रीत मिसळा, चार मुशींत भरून मफल भट्टीत ७५०, ८००, ८५० आणि ९०० अंशांना काही तास ठेवा. गार झाल्यावर तारेने टोचा. कुठल्या मुशीत तार अडते ते कळलं की पुष्कळ वाद मिटतात. भट्टीतली वाळू हलत नाही, रिगमधली हलते, त्यामुळे आकडा जसाच्या तसा उचलू नका. पण दोन पुरवठादारांच्या पेलेट्सची तुलना करायला हे उत्तम आहे.

सगळं बायोमास एका मापाने मोजू नका. भाताच्या तुसात राख खूप, पण ती जवळपास सगळी सिलिका; पोटॅशियम पेंढ्यापेक्षा बरंच कमी, म्हणून कर्जत-मुरबाडच्या गिरण्यांचं तूस तुलनेने सरळ चालतं. लाकडाच्या भुशात राखच नगण्य. विदर्भातून येणारी पऱ्हाटी (कापसाची काडं) मात्र जपून. आणि पेंढ्यातही फरक असतो. कापणीनंतर अवकाळीत भिजलेला, काळपट पडलेला पेंढा जनावरं तोंड लावत नाहीत म्हणून शेतकरी स्वस्तात देतो. पावसाने त्यातलं पोटॅशियम आणि क्लोरीन बरंच धुऊन नेलेलं असतं. वाळवून पेलेट केला तर बेडला तो पिवळ्याधमक पेंढ्यापेक्षा चांगला. शहापूरकडून माल घेत असाल तर हे विचारून बघा.

पावसाळ्यात बेड जास्त बसतो ही तक्रारही खरी आहे, आणि तिचं कारण वेगळं. जून ते सप्टेंबर नवी मुंबईच्या हवेत पेलेट्स ओल धरतात, फुगतात, हॉपरमध्येच त्यांचा भुसा होतो. स्क्रू कधी रिकामा फिरतो, कधी एकदम ढकलतो. ओलं इंधन गेलं की बेड थंड होतो, ऑपरेटर फीड वाढवतो, तेवढ्यात गोणीचा कोरडा भाग येतो आणि तापमान उसळी मारतं. त्या उसळीतच काच धरते. त्यामुळे या दिवसांत फीड बेडच्या तापमानावर न चालवता ऑक्सिजनवर चालवा, तो लवकर बोलतो. गोण्या जमिनीपासून वर, लाकडी पॅलेटवर ठेवा, ताडपत्रीखाली हवा खेळती ठेवा, आणि रोज सकाळी पहिल्या गोणीतली ओल मोजल्याशिवाय हॉपर भरू नका.